ठाऊक असलेली तार

ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा विभागाने २००१ ते २०१० या काळातील नोंदी तपासल्या, तेव्हा विमान किंवा हेलिकॉप्टर तारेला धडकल्याच्या १८० घटना समोर आल्या. त्यांतील १०० हवाई शेतीकामाच्या होत्या. तार दिसली नाही, ती तिथे आहे हेच ठाऊक नव्हते, म्हणून धडक झाली, असा सर्वसाधारण समज. नोंदी निराळेच सांगत होत्या. ६३ टक्के घटनांत तार कुठे आहे, हे वैमानिकाला आधीच माहीत होते.

पिकांवरील हवाई धुरळणीची सुरुवात ३ ऑगस्ट १९२१ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात झाली. लष्करी वैमानिक जॉन मॅकरेडी याने अळ्यांनी पोखरलेल्या कॅटाल्पा झाडांवर विमानातून लेड आर्सेनेटची भुकटी सोडली. पुढे ८ मार्च १९४६ रोजी ‘बेल ४७’ या हेलिकॉप्टरला अमेरिकेत नागरी वापराचा परवाना मिळाला आणि थोड्याच काळात ते फवारणीच्या कामाला जुंपले गेले. त्याला धावपट्टी लागत नव्हती. शेताच्या कडेलाच उतरायचे, टाकी भरायची आणि पुन्हा उडायचे.

परंतु औषध वाऱ्याने भरकटू नये म्हणून पिकापासून जेमतेम दोन-तीन मीटर उंचीवरून उडावे लागते. तिथे इंजिन बंद पडले तर सावरायला उंची उरत नाही. शिवाय त्याच उंचीच्या आसपास विजेच्या आणि टेलिफोनच्या तारा असतात. जुनी, काळवंडलेली तार उडत्या हेलिकॉप्टरमधून बहुधा दिसतच नाही. म्हणून अनुभवी वैमानिक तार नव्हे, खांब पाहतो. खांबाची रांग आणि त्यावरील चिनीमातीच्या चिमण्यांची दिशा यांवरून तार कुठून कुठे गेली असावी, हे तो ताडतो. म्हणजे तार डोळ्यांसमोर नसते. ती स्मरणात असते.

स्मरणाचा घात कसा होतो, हे कामाच्या क्रमावरून कळते. समांतर पट्ट्यांची मुख्य फवारणी आखीव असते. ती संपली की बांधालगतचे कोपरे राहतात. त्यांसाठी आडव्या दिशेने फेरी मारावी लागते. ही दिशा पुष्कळदा ऐनवेळी ठरते. लक्ष वाऱ्याकडे, टाकीतील उरलेल्या औषधाकडे, शेजारच्या शेताकडे विभागलेले असते. आणि तासाभरापूर्वी टिपलेली तार मनातून निसटते. याला निष्काळजीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण इतक्या जणांची चूक एकाच जागी होत असेल, तर दोष केवळ माणसात शोधणे अपुरेच.

हे फार पूर्वी ओळखणारा अभियंता म्हणजे फ्रेड वीक. टेक्सासमध्ये त्याने रचलेले ‘एजी-१’ हे विमान १ डिसेंबर १९५० रोजी उडाले. वैमानिक कधीतरी आदळणारच, हे त्याने गृहीतच धरले होते. बसण्याची जागा उंच, पट्टे भक्कम, पुढचा सांगाडा धक्का शोषून घेत चुरगळेल असा, आणि तार कापण्यासाठी धारदार पाती. या रचनेचा वारसा पुढे ‘पायपर पॉनी’ या विमानात उतरला.

हेलिकॉप्टरला अशा संरक्षणासाठी बरीच वर्षे थांबावे लागले. तार रोटरच्या दांड्यात किंवा नियंत्रणाच्या सळ्यांत गुंतली की क्षणात सारे संपे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅनडातील विनिपेग येथील ब्रिस्टल एरोस्पेस कंपनीने तारकापी विकसित केली. काचेवरील पट्टी तारेला वर किंवा खाली सरकवते आणि छतावरील व पोटाखालील पाती ती तोडतात. मात्र त्यासाठी पुरेसा वेग हवा आणि तार समोरूनच यायला हवी. मंद गतीने वळताना शेपटीकडील रोटरला ती अडकली, तर या पात्यांचा काही उपयोग होत नाही.

म्हणूनच आजही ऑस्ट्रेलियातील वैमानिकांना सांगितले जाते, की कोपऱ्यांची शेवटची फेरी घेण्याआधी एकदा वर जा आणि तारांची पाहणी नव्याने करा. दोन-तीन मिनिटांचे काम. दिवसभरात अनेक शेते उरकायची असली की नेमकी तीच मिनिटे वाचवावीशी वाटतात.