एन्ट्रॉपीचे दोन अर्थ आणि एक तत्त्व : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

आळंदसारख्या सीमाभागातील वर्गात मराठी, कन्नड आणि दखनी बोलणारी मुले एकाच बाकावर बसतात. भौतिकशास्त्राच्या तासाला ती ‘एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था’ असे लिहून घेतात. संगणकाच्या तासाला तोच शब्द माहिती मोजण्यासाठी येतो. या दोहोंचे नाते मात्र सहसा सांगितले जात नाही. प्रस्तुत लेखात त्या नात्याचा इतिहास आणि त्याच्याशी जुळणारे एका मराठी गणितज्ञाचे कार्य थोडक्यात मांडले आहे.

दोन प्रवाह

क्लाउझियस यांनी १८६५ मध्ये उष्णतेच्या अभ्यासात ‘एन्ट्रॉपी’ हा शब्द योजला. बोल्ट्झमन यांनी १८७७ मध्ये तिचा संबंध रेणूंच्या शक्य मांडण्यांच्या संख्येशी जोडला, तर गिब्ज यांनी १९०२ च्या ग्रंथात या विचाराला व्यापक रूप दिले. पुढे १९४८ मध्ये क्लॉड शॅनन यांनी संदेशवहनाच्या अभ्यासातून अनिश्चिततेचे माप शोधले. त्यांच्या सूत्राचे रूप गिब्ज यांच्या सूत्रासारखेच होते. हा निव्वळ योगायोग होता काय?

जेन्स यांचे उत्तर

ई. टी. जेन्स यांनी १९५७ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’मधील दोन निबंधांत याचे उत्तर दिले. जे माहीत आहे ते काटेकोर पाळावे आणि त्या अटीत बसणाऱ्या संभाव्यतांपैकी सर्वाधिक एन्ट्रॉपी असलेली निवडावी, हे त्यांचे तत्त्व. दुसरी कोणतीही निवड म्हणजे हाती नसलेली माहिती असल्याचे भासवणे होय. वायूची फक्त सरासरी ऊर्जा माहीत असेल, तर या नियमातून बोल्ट्झमन-गिब्ज यांचेच सूत्र मिळते, आणि त्या अटीसाठी घेतलेल्या गुणकातून तापमान निघते.

वर्गात लुडोचा फासा पुरेसा आहे. सरासरी ३.५ एवढीच माहिती असेल तर प्रत्येक अंकाची संभाव्यता सारखी, म्हणजे ०.१६७ येते. सरासरी ४.५ असल्याचे कळले, तर हे तत्त्व एकला ०.०५४ आणि सहाला ०.३४७ संभाव्यता देते. मधले अंक ठरावीक प्रमाणात चढत जातात. हे उदाहरण स्वतः जेन्स यांनी १९६२ च्या व्याख्यानांत दिले होते.

पुण्याचा दुवा

कोल्हापूरला १९१९ मध्ये जन्मलेले वसंत शंकर हुजूरबाजार यांनी केंब्रिज येथे हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली आणि पुढे पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राच्या अध्यापन-संशोधनाचा पाया घातला. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांच्या अभ्यासाचा एक मुख्य विषय असा होता : असंख्य निरीक्षणांचे सार एखाद्या बेरजेत, काहीही न गमावता, केव्हा सामावते? ही सोय असणारी सूत्रे बहुतांशी घातांकी स्वरूपाची असतात.

येथे दोन्ही वाटा भेटतात. हुजूरबाजार ज्या सूत्रांचे गुणधर्म तपासत होते, ती ‘बेरीज कळली की पुरे’ अशी आहेत. जेन्स यांचे तत्त्व उलट दिशेने येते : फक्त सरासरी माहीत असेल, तर घातांकी सूत्रच हाती येते. हुजूरबाजार यांनी जेन्स यांचे तत्त्व मांडले, असा याचा अर्थ नव्हे. परंतु दोघांचेही वैचारिक ऋण जेफ्रीज यांच्याकडे जाते. जेन्स यांचा २००३ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेला ग्रंथ जेफ्रीज यांच्याच स्मृतीस अर्पण केलेला आहे.

समारोप

या तत्त्वालाही मर्यादा आहे. दिलेली माहिती अपुरी असेल, तर अनुमान चुकते. मात्र ती चूकही उपयोगाची ठरते. रुडॉल्फ वुल्फ यांनी फाशाच्या वीस हजार फेकींची नोंद ठेवली होती. अंक समसमान पडले नव्हते. त्या तफावतीवरून जेन्स यांनी फाशाच्या घडणीतील दोष ओळखले.

म्हणून एन्ट्रॉपीला केवळ ‘अव्यवस्था’ म्हणून थांबणे विद्यार्थ्यांवर अन्याय करणारे आहे. आपल्याला किती ठाऊक नाही, याचे ते माप आहे. भौतिकशास्त्र व संगणकशास्त्राच्या शिक्षकांनी वर्षातून एक तास एकत्र घेऊन फाशाचे हे उदाहरण फळ्यावर सोडवावे. माहीत आहे तेवढेच सांगावे, अधिकाचा आव आणू नये, ही शिकवण त्यातून गणितासह मिळेल.