इजिप्त कोणाचा?

पवित्र कुटुंबाला आश्रय देणारा देश म्हणून इजिप्त आपणा सर्वांना परिचित आहे. परंतु परकीय सत्तेच्या टाचेखाली या देशाने आपले राष्ट्रीयत्व कसे शोधले, हा इतिहासही तितकाच मननीय आहे.

‘इजिप्त इजिप्शियनांचा’ ही घोषणा अहमद उराबी या शेतकरीपुत्र सेनाधिकाऱ्याच्या उठावात दुमदुमली. १३ सप्टेंबर १८८२ रोजी तेल-अल-कबीर येथे इंग्रजांनी त्याचा पराभव केला व त्याला सिलोनला हद्दपार केले. गादीवर खेदिव नावापुरता राहिला. खरी सत्ता १८८३ ते १९०७ पर्यंत लॉर्ड क्रोमरच्या हाती होती. घोषणा मागे उरली आणि तिच्याबरोबर एक प्रश्नही: इजिप्शियन म्हणजे नेमका कोण?

या प्रश्नाला दोन उत्तरे मिळाली. तेजस्वी वक्ता मुस्तफा कामिल (१८७४–१९०८) याने देशभक्तीची ज्योत पेटविली. मात्र त्याची दृष्टी तुर्की खलिफाच्या आधाराकडे होती. अहमद लुत्फी अल-सय्यद याने १९०७ मध्ये सुरू झालेल्या ‘अल-जरीदा’ या पत्रातून निराळा विचार मांडला. राष्ट्र धर्माने नव्हे, तर भूमीने आणि समान हितसंबंधांनी घडते, असे त्याचे प्रतिपादन होते.

या विचाराची कसोटी लवकरच लागली. १९०६ साली दिनशवाय गावी कबुतरांची शिकार करणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांशी गावकऱ्यांची झटापट झाली. त्यात एक अधिकारी दगावला, म्हणून चार गावकऱ्यांना फाशी देण्यात आली. त्या विशेष न्यायालयाचे अध्यक्ष बुत्रोस घाली हे कॉप्टिक ख्रिस्ती होते. पुढे ते पंतप्रधान झाले आणि १९१० मध्ये एका राष्ट्रवादी तरुणाच्या गोळीला बळी पडले. दोन्ही समाजांत कटुता माजली. १९११ मध्ये कॉप्टिकांनी असियूत येथे, तर प्रत्युत्तरादाखल मुस्लिम नेत्यांनी हेलिओपोलिस येथे परिषद भरविली.

ही दरी १९१९ च्या क्रांतीने बुजविली. ८ मार्च रोजी साद झगलूल यांना अटक करून माल्टाला पाठविताच देश पेटून उठला. निशाणांवर चंद्रकोर आणि क्रूस शेजारी आले. कॉप्टिक धर्मगुरू सर्गियस यांनी तर अल-अझहर मशिदीत उभे राहून जनतेला आवाहन केले!

२८ फेब्रुवारी १९२२ रोजी इंग्रजांनी इजिप्तचे स्वातंत्र्य जाहीर केले, परंतु ‘अल्पसंख्याकांचे संरक्षण’ ही बाब स्वतःकडे राखून ठेवली. राज्यघटना तयार होत असताना काही कॉप्टिकांनी राखीव प्रतिनिधित्व मागितले. विसा वासिफ आदी कॉप्टिक नेत्यांनी मात्र त्यास ठाम विरोध केला आणि १९२३ च्या राज्यघटनेत अशी तरतूद झाली नाही.

राखीव जागा मागणारांचे भय निराधार नव्हते. त्याच राज्यघटनेने इस्लामला राजधर्म मानले होते. तरीही परक्याच्या संरक्षणापेक्षा शेजाऱ्यावरील विश्वास त्यांच्या बांधवांनी अधिक मोलाचा मानला. राष्ट्रविचाराची परिपक्वता घोषणेत नसते. बहुसंख्य त्या विश्वासाला किती जागतात, यातच ती दिसून येते.