यकृताचे नाव, आतड्याचे कूळ

ज्या औषधास आपल्या घराघरांतून ‘रक्त पातळ करण्याचे इंजेक्शन’ म्हणतात, ते रक्त मुळीच पातळ करीत नाही. रक्ताचा दाटपणा होता तेवढाच राहतो, आणि रक्त गोठविणाऱ्या साखळीवर अँटिथ्रॉम्बिन नावाचे शरीराचेच एक प्रथिन जो अंमल चालविते, त्या अंमलास मात्र हे औषध सुमारे हजारपट जोर देते. हेपॅरिन हे त्याचे नाव.

१९१६ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक विल्यम हॉवेल यांच्या हाताखाली, जे मॅक्लीन नावाचा वैद्यकाचा एक तरुण विद्यार्थी काम करीत होता, आणि त्याच्याकडे सोपविलेली कामगिरी नेमकी उलटी, म्हणजे रक्त गोठविणाऱ्या द्रव्याचा शोध घेण्याची होती. कुत्र्याच्या यकृतातून व हृदयातून काढलेले अर्क काही काळ ठेवल्यावर रक्त गोठविण्याऐवजी त्यास गोठूच देईनासे झाले, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने उत्तरायुष्यात लिहिलेल्या आठवणीप्रमाणे, मांजराच्या रक्तात ते यकृतातले द्रव्य ढवळून त्याने ते पात्र गुरूंच्या मेजावर ठेवले, ‘गोठले म्हणजे सांगा’ अशी विनंती केली, आणि ते रक्त कधीच गोठले नाही. त्या वर्षीच्या त्याच्या निबंधाचे शीर्षक मात्र सेफॅलिन या द्रव्याच्या रक्त गोठविण्याच्या गुणाचेच राहिले. या मोठ्या शोधाचा दाखला त्याच निबंधाच्या एका कोपऱ्यात रुजू आहे.

१९१८ साली हॉवेल यांनी यकृताच्या ग्रीक नावावरून ‘हेपॅरिन’ ही संज्ञा मुक्रर केली. पुढे त्यांच्या हाती जे पाण्यात विरघळणारे द्रव्य आले, ते मॅक्लीनच्या स्निग्ध द्रव्याहून निराळे होते. नाव तेवढे वारसाहक्काने चालत आले. मग टोरांटोत इन्शुलिनकीर्तीचे चार्ल्स बेस्ट व त्यांचे सहकारी यांनी गुरांच्या यकृतावरून फुफ्फुसाकडे वळून ते माणसास टोचता येईल इतके शुद्ध केले, आणि स्टॉकहोममध्ये एरिक योर्पेस यांनी त्याच्या रासायनिक घटनेचा उलगडा केला. आज ते मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात.

प्रसूतीच्या वेळी रक्तस्राव आवरावा म्हणून निसर्ग गर्भवतीचे रक्त आधीच अधिक गोठणारे करून ठेवतो, आणि हीच तरतूद काही स्त्रियांच्या जिवावर बेतते. अशा वेळी गुठळी रोखणारे औषध द्यावे लागते. विस्कॉन्सिनमध्ये कुजक्या चाऱ्याने रक्तस्राव होऊन मरणाऱ्या गुरांच्या अभ्यासातून निघालेले आणि १९४८ साली उंदरांचे विष म्हणून बाजारात आलेले वॉर्फरिन हे तोंडाने घेण्याचे सोयीचे औषध खरे. परंतु त्याचा रेणू लहान असल्यामुळे तो वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचतो, आणि सहाव्या ते बाराव्या आठवड्यांत बाळाच्या नाकाचा व हाडांचा घाट बिघडवू शकतो. हेपॅरिनचा रेणू मोठा आणि ऋणभाराने लादलेला, त्यामुळे वारेच्या उंबरठ्यावरच त्याची वाट अडते. गर्भवतीच्या औषधांत याहून मोठा गुण मला तरी ठाऊक नाही.

१९८३ साली लंडनचे ग्रॅहम ह्यूज यांनी अशा एका विकाराचे वर्णन केले की ज्यात शरीर स्वतःच्याच स्निग्धद्रव्यबद्ध प्रथिनांविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते, रक्तात गुठळ्या होतात आणि गर्भ वारंवार पडतो. या प्रतिद्रव्यांमुळे वारंवार गर्भपात झालेल्या ९० स्त्रियांवरील लंडनमधील चाचणीचा निकाल १९९७ साली प्रसिद्ध झाला: केवळ ॲस्पिरिन घेणाऱ्या ४५ जणींपैकी १९ जणींना, तर जोडीला हेपॅरिन घेणाऱ्या ४५ जणींपैकी ३२ जणींना जिवंत मूल झाले. पुढे २००४ साली उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले की, हेपॅरिन येथे गर्भ वाचविते ते मुख्यतः गुठळी रोखून नव्हे, तर शरीराच्या दाहक यंत्रणेस आवर घालून. म्हणजे ‘रक्त पातळ’ हे नाव येथेही अपुरेच ठरले.

एका घरी मी पाहिले आहे: संध्याकाळी ठरल्या वेळी एक गर्भवती मुलगी बेंबीपासून चार बोटे बाजूला पोटाची कातडी चिमटीत धरते, भरून आलेली बारीक सुई सरळ आत घालते, जागा चोळायची नाही म्हणून हात मागे घेते, आणि कालच्या हिरव्यानिळ्या डागाशेजारी आजचा नवा डाग उमटतो. नऊ महिने असे रोज करणाऱ्या आईपुढे मान लवते. म्हणूनच पुढचा आकडा सांगणे भाग आहे. रक्त गोठण्याची वंशपरंपरागत प्रवृत्ती असलेल्या आणि किमान दोनदा गर्भ गमावलेल्या स्त्रियांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल २०२३ साली आला. इंजेक्शन घेणाऱ्या १६२ जणींपैकी ११६ जणींना, न घेणाऱ्या १५८ जणींपैकी ११२ जणींना जिवंत मूल झाले. म्हणजे फरक पडला नाही.

ज्यांच्या शिरेत गुठळी झाली आहे वा हृदयात कृत्रिम झडप आहे, त्यांच्यासाठी हे औषध जीवनदायी आहे, आणि कोणीही ते डॉक्टरांना विचारल्यावाचून थांबवू नये. पण केवळ गर्भ पडला एवढ्यावरून ही सुई सुरू होत असेल, तर ह्यूज यांनी वर्णिलेल्या विकारातील प्रतिद्रव्यांची तपासणी किमान १२ आठवड्यांच्या अंतराने दोनदा झाली आहे काय, हे प्रत्येक बाईने, तिच्या नवऱ्याने आणि सासूनेही आवर्जून विचारावे.