२९ जानेवारी, धारेच्या वेळेला

सव्वीस जानेवारी सगळ्या देशाची. शाळेत झेंडा, प्रभातफेरी, मुठीत मिळालेल्या चार लिमलेटच्या गोळ्या, मग टीव्हीवर राजपथावरचं संचलन आणि जसदेव सिंगांचा तो भारदस्त आवाज. पण आमच्या गावाला काही वर्षं खरी ओढ असायची ती तीन दिवसांनी येणाऱ्या २९ तारखेची. त्या संध्याकाळी दिल्लीच्या विजय चौकात बीटिंग रिट्रीट होतं. हे नाव गावात कुणाच्या तोंडी बसलं नाही. सगळे म्हणत, ‘बँडाचा कार्यक्रम’.

दूरदर्शन १९८२ साली रंगीत झालं, १९८४ साली देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं भराभर उभी राहिली. आमच्या भागात मुंग्यांशिवाय चित्र दिसायला लागलं ते त्यानंतर. ग्रामपंचायतीचा टीव्ही होता, काळा-पांढरा. चावडीत लाकडी पेटीत बसवलेला, पेटीला दोन दारं, दारांना कुलूप, आणि चावी शिपायाच्या कमरेला. कार्यक्रमाची वेळ नेमकी धारेची. त्या दिवशी म्हशींना थांबावं लागे. बायका कुरकुरत, ‘बँड तुम्ही बघा, पान्हा आमचा जातोय.’ हुरड्याचे दिवस, थंडी मरणाची, तरी चावडी भरायची.

या कार्यक्रमाचं मूळ जुनं आहे. सूर्य मावळला की लढाई थांबवायची, हत्यारं म्यान करायची, तळावर परतायचं, आणि ही खूण नगारा किंवा बिगूल वाजवून द्यायची, अशी युरोपातल्या फौजांची रीत होती. आपल्याकडे १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला लष्करातल्या मेजर रॉबर्ट्स यांनी अनेक बँड एकत्र आणून त्याचा सोहळा बसवला. भूदल, नौदल, हवाईदल, सगळ्यांचे वाजवणारे एका मैदानात. त्याच सुमारास, १९५० साली, जनरल करिअप्पांच्या पुढाकाराने पचमढीला लष्कराची संगीताची शाळा निघाली. दऱ्याखोऱ्यांतली, नोटेशन म्हणजे काय हे न ऐकलेली पोरं तिथं जाऊन कागदावरचं संगीत वाचायला शिकली.

तशातलाच एक आमच्या गावचा. मातंग वस्तीतल्या हलगीवाल्या आबांचा थोरला. तो पलटणीच्या बँडात भरती झाला, ड्रमवर. विजय चौकात दरवर्षी वेगवेगळ्या पलटणींचे बँड जातात. एका वर्षी त्याचं आंतर्देशीय पत्र आलं, ‘यंदा आम्ही दिल्लीत आहोत.’ त्या पत्राचं दहा घरी वाचन झालं.

त्या संध्याकाळी चावडीत नुसती घालमेल. पडद्यावर शेकडो माणसं, सगळ्यांचा पोशाख एक, चाल एक. मोठ्या ड्रमवाल्याच्या अंगावर वाघाच्या कातड्यासारखं काहीतरी, पुढं दंड फिरवत चालणारा ड्रम मेजर. आमचा कोणता? ‘त्यो डावीकडून तिसरा!’ ‘हॅट, त्यो उंचीला कमी हाय.’ अँटेना फिरवायला एक जण कौलांवर बसवलेला, तो वरून ओरडतोय, ‘दिसला का?’ दिसला नाहीच. चौदा इंची पडद्यावर माणूस हरभऱ्याएवढा.

आबा मात्र शोधत नव्हते. ते चावडीच्या खालच्या पायरीवर बसले होते. वर पटकुरावर जागा होती, पण वर बसायचा रिवाज नव्हता आणि कुणी त्यांना वर बोलावलंही नाही. ड्रमर्स कॉल सुरू झाला. यात बाकीची वाद्यं थांबतात आणि नुसते ड्रम बोलतात. हलक्या टिपेपासून सुरुवात, मग कडकडाट, मग एकदम तोड. आबांची बोटं गुडघ्यावर चालू लागली. तोड आली तशी ती थांबली, बरोबर त्याच ठोक्याला.

हलगी ऐकलेल्या माणसाला यातली गंमत लगेच कळते. एका हातात जाडसर टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी, कातडं आधी पाचटाच्या जाळावर शेकून ताणलेलं. कुस्तीच्या फडात वाजायची हलगी वेगळी, छबिन्याची वेगळी, मयतीची वेगळी. आबांच्या हातात ती सगळी होती. शाळा नव्हती, कागद नव्हता, आणि मोबदला म्हणून सुगीला खळ्यावर मिळणारं धान्य, तेही वाढेल तेवढं.

पुढं मी थोडंफार वाचलं तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचा १७९५ सालचा एक ठराव नजरेस आला. आई आणि बाप दोघंही युरोपीय नसतील तर त्या माणसाला कंपनीच्या गोऱ्या फौजेत जागा नाही. अपवाद चौघांचा: बासरीवाले, ड्रमवाले, बँडवाले आणि घोड्यांना नाल ठोकणारे. म्हणजे हत्यार हातात द्यायचं नाही त्याच्या हातात टिपरू द्यायचं. हे वाचून मला दूरच्या कलकत्त्याचं काही वाटलं नाही. मला आमच्या चावडीची खालची पायरी दिसली. वाजवणाऱ्याशिवाय ना फौजेचं पाऊल उचलत होतं, ना आमच्या देवाची पालखी.

कार्यक्रम संपत आला की ‘अबाइड विथ मी’ची धून वाजायची, उंचावरून घंटा टोले द्यायच्या. गांधीजींची ही आवडती प्रार्थना, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची पुण्यतिथी. अर्थ कुणालाच कळत नव्हता, पण चावडीत त्या वेळी कुणी खोकतसुद्धा नसे. मग बिगूल, झेंडे खाली, राष्ट्रगीत, आणि ‘सारे जहाँ से अच्छा’ वाजवत बँड रायसीना टेकडीकडे वळले की तिथल्या इमारतींवर एकदम दिवे लागत. तटावर उंटावरचे जवान पुतळ्यासारखे.

त्या वर्षी राष्ट्रगीताला आबा म्हणाले, ‘आपल्यात वाजविणारा उभा आन् ऐकणारा बसल्याला. तिथं राष्ट्रपतीबी उभं ऱ्हायलं.’

कुणी काही बोललं नाही.

पोरगा चैत्रात रजेवर आला. यात्रा तोंडावर होती. पंचांनी निरोप धाडला, यंदा छबिन्यापुढं फौजी वाजवंल. त्यानं सांगितलं, ‘मी वाजवतो ते नोकरी म्हणून, पगार घेऊन. गावकीचं काम म्हणून वाजवणार नाही. आबाबी आता वाजवणार नाहीत.’ वस्तीतल्या इतर पोरांनीही मग हलगी खाली ठेवली. त्या वर्षी तालुक्याहून बँड आणला, पैसे मोजून. सिनेमाची गाणी वाजली, कुस्तीच्या फडात तर अगदीच मचूळ झालं. ‘पोरगं शेफारलं’ हे वाक्य वर्षभर पारावर फिरत राहिलं.

पुढची २९ जानेवारी आली आणि चावडीतली पेटी उघडलीच नाही. चावी सापडत नाही म्हणे. क्रिकेटच्या सामन्याला ती चावी दोन दिवसांत सापडली. आमच्याकडं राग असाच काढतात, बोलून नाही. पण वस्तीजवळ राहणाऱ्या एका गुरुजींकडं लहान टीव्ही होता. ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली, तारा जोडल्या, आणि अंगणात खाटेवर टीव्ही मांडला. त्या साली पोराची पलटण दिल्लीत नव्हतीच. तरी वस्ती सगळी हजर, आणि कुलपाला कंटाळलेले वरच्या आळीचेही दहा-बारा जण. आबांना गुरुजींनी खुर्ची दिली. ते आधी बसेनात, मग बसले.

पुढच्या वर्षी चावडीची पेटी उघडी होती. पण तोवर घरोघरी टीव्ही येऊ लागले होते आणि एकत्र बघणं हळूहळू मोडलं. २००१ साली सव्वीस जानेवारीलाच भूजला भूकंप झाला आणि बीटिंग रिट्रीट रद्द झालं. त्या संध्याकाळी आबा टीव्हीपुढं बसून होते. पडद्यावर ढिगारे आणि हातांनी विटा उपसणारे जवान. ‘बरुबर हाय,’ एवढंच म्हणाले, आणि उठले नाहीत. त्यानंतरच्या जानेवारीला ते नव्हते.

पोरगा आता निवृत्त आहे. गावात पक्कं घर आहे, भिंतीवर बापाची हलगी आहे. डिसेंबर लागला की शाळेतल्या मुलांना तो साइड ड्रम शिकवतो. त्यात मुली जास्त, आणि सगळ्या आळ्यांच्या. पैसे घेत नाही, पण उशिरा आलेल्याला मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावतो. यात्रेत हलगी आता पुन्हा वाजते. सुपारी ठरवून, रोख घेऊन वाजवणारी पथकं येतात, आणि झकास वाजवतात.

२०२२ साली ‘अबाइड विथ मी’ वगळलं, त्या जागी ‘ऐ मेरे वतन के लोगो’ आलं, आणि आकाशात हजार ड्रोन उडाले. मी त्याच्याच घरी बसून बघत होतो. त्याची नात वरचे दिवे बघून टाळ्या पिटत होती. मला घंटेची ती चाल चुकल्यासारखी वाटली, तसं मी बोललोही. तो म्हणाला, ‘धुना बदलत्यात. तू आवाज वाढव जरा, ड्रमवाल्यांची तोड एकसारखी पडती का ते ऐकू दे.’