येशू ईश्वरपुत्र, मग बुद्ध कोण?

बुद्धपौर्णिमेनंतर सिन्नरला आम्ही काही कार्यकर्ते बसलो होतो. एका तरुणाने विचारले, "येशूला देव मानणाऱ्यांना आपण अंधश्रद्ध म्हणतो. मग आपल्याच विहारात बुद्धाला नवस बोलतात, त्याचं काय?" सगळे गप्प. प्रश्न टाळण्यासारखा नव्हता, म्हणून हा लेख.

आधी इतिहास नीट पाहू. इ.स. 325 मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने निकिया येथे बिशपांची परिषद भरवली. तिथे मतदान करून येशूला देव केले, असे आपले काही मित्र ठोकून देतात. ते चूक आहे. येशूला प्रभू मानून पूजणारे लोक पॉलच्या पत्रांपासून, म्हणजे पहिल्या शतकापासून होते. वाद वेगळा होता. एरियस हा धर्मोपदेशक म्हणत होता की पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे, पित्याच्या बरोबरीचा नाही. परिषदेने ते नाकारले आणि एरियसला हद्दपारी मिळाली. प्रश्न श्रद्धेचा होता, पण निकालामागे राजसत्ता उभी राहिली.

महाराष्ट्रातही हा प्रश्न विचारला गेला. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. मात्र येशूचे देवत्व आणि त्रैक्याचा सिद्धांत चर्च सांगते म्हणून मान्य करायला त्या तयार नव्हत्या. ब्राह्मण पुरोहितांचे जोखड फेकून दिलेली बाई दुसरे जोखड का घेईल? पुढे त्यांची श्रद्धा बदलली, पण ती स्वतःच्या शोधातून. महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी'त (1873) येशूला बळीराजाच्या पंक्तीत बसवले. गुलामांच्या बाजूचा माणूस म्हणून त्याचा गौरव केला, पण स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत.

आता बाबासाहेब. 13 ऑक्टोबर 1935 ला आपल्याच जिल्ह्यातील येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. धर्मांतर कुठल्या धर्मात, हे तेव्हा ठरले नव्हते. 1 जानेवारी 1938 ला सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना, बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांनी आपल्याला भारून टाकले, असे त्यांनी सांगितले. त्याच भाषणात, एतद्देशीय ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध लढत नाही, हेही तोंडावर सुनावले. म्हणजे येशूबद्दल त्यांच्या मनात द्वेष नव्हता, आदर होता.

तरीही त्यांनी बुद्ध निवडला. त्याचे एक मोठे कारण 1950 च्या 'बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य' या लेखात आहे. येशू म्हणाला, मी ईश्वराचा पुत्र आहे; हे मान्य केल्याशिवाय स्वर्गाच्या राज्यात प्रवेश नाही. महंमद म्हणाले, मी ईश्वराचा अखेरचा प्रेषित. कृष्ण तर म्हणाला, मीच परमेश्वर. बुद्धाने यातले काहीच मागितले नाही. तो माणसाच्या पोटी जन्मला आणि माणूस म्हणूनच बोलला. तो मार्गदाता होता, मोक्षदाता नव्हता. आपला शब्द अंतिम आहे, असेही त्याने म्हटले नाही.

याचा अर्थ आपल्या सिन्नरने अनुभवला आहे. ऑगस्ट 1941 मध्ये महार वतनाच्या जमिनीवरील वाढीव कराविरुद्ध इथे परिषद झाली आणि बाबासाहेब आले. त्यांनी कुणाला प्रार्थना करायला सांगितले नाही. संघटित व्हा, कर देऊ नका, हा मार्ग सांगितला. चालायचे लोकांनाच होते.

म्हणून त्या तरुणाला माझे उत्तर असे: ख्रिस्ती शेजाऱ्याच्या श्रद्धेची टिंगल करू नकोस. तो जे मानतो ते उघडपणे मानतो आणि त्याच्या धर्मात त्याला आधार आहे. आपल्याला मात्र नाही. 1956 च्या बावीस प्रतिज्ञांतील चौथी सांगते, देवाने अवतार घेतला यावर माझा विश्वास नाही. पाचवी सांगते, बुद्ध विष्णूचा अवतार नाही. ही शपथ घेऊन आपणच बुद्धाला नवस बोललो, बाबासाहेबांना अवतार म्हटले, तर शपथ कुणी मोडली?

देव केलेल्या माणसाला फुले वाहता येतात, प्रश्न विचारता येत नाहीत. आपल्याला प्रश्न विचारणारा समाज हवा आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!