बंब, शेगडी आणि आउटसोर्स केलेला धूर

नरकचतुर्दशीच्या पहाटे साडेचारला आमच्या भिवंडीच्या घरातल्या गिझरनं मान टाकली. बाहेर फटाके, आत उटण्याचा वास, आणि बारा माणसं अंघोळीच्या रांगेत. बाबा मोबाईलमध्ये इलेक्ट्रिशियनचा नंबर शोधायला लागले (दिवाळीच्या पहाटे! आशावाद म्हणतात तो हाच). आजी तेवढी शांत होती. म्हणाली, "माळ्यावर बंब आहे ना, तो काढा."

आता मी पोटापाण्यासाठी कोड लिहीत असलो तरी डिग्री मेकॅनिकलची. (आमच्या बॅचचे निम्मे मेकॅनिकलवाले आज जावा लिहितात, त्यामुळे दचकू नका.) त्यामुळे बंब पेटवायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. म्हटलं, त्यात काय? गच्चीवरच्या बार्बेक्यूतून उरलेली कोळशाची अर्धी पिशवी होती, ती जाळीवर ओतली, वर्तमानपत्राचे बोळे पेटवून वरून टाकले आणि वाट बघत बसलो. कागद जळून गेला. कोळसा जिथल्या तिथे, काळाकुट्ट, ढिम्म!

आजीनं दोन प्रश्न विचारले. पहिला, "पाणी भरलंस का आधी?" नव्हतं भरलं. दुसरा प्रश्न नव्हताच खरं तर, निकाल होता. "अरे, कोळसा काय वरून पेटतो? लाकूड वरून वारा खातं, कोळसा खालून."

हे वाक्य मला चार वर्षांत थर्मलच्या कुठल्याच सरांनी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

ज्यांनी बंब पाहिलेला नाही (म्हणजे माझ्या वयाचे बहुतेक सगळे) त्यांच्यासाठी थोडक्यात. तांब्याचं उभं पिंप, मधोमध आरपार गेलेलं एक नळकांडं. नळकांड्याच्या तळाशी जाळी, जाळीखाली राख पडायला जागा आणि वारा यायला छोटं दार. नळकांड्यात विस्तव, त्याच्या भोवती पाणी, आणि खालच्या अंगाला पितळी तोटी. व्हायव्हाला विचारतात तो व्हर्टिकल फायर ट्यूब बॉयलर तो हाच, फक्त वरून उघडा, म्हणून प्रेशर नाही, म्हणून फुटायची भीती नाही. रशियन समोवारही याच तत्त्वावर चालतो. नाव मात्र आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आलंय, त्यांचा 'बोम्बा' म्हणजे पंप. आगीच्या बंबात हा पंप शिल्लक आहे, अंघोळीच्या बंबात नुसतं नाव उरलं.

पाणी आधी का? कारण बंबाचे सांधे डाख देऊन जोडलेले असतात. आतून विस्तव आणि बाहेर पाणी नाही असं झालं की तांब्याला काही होत नाही, पण डाख वितळतो आणि बंब कायमचा गळायला लागतो. म्हणून घरातला नियम असा की एक बादली गरम पाणी काढलं की तेवढंच गार वरून ओतायचं. हा नियम मोडणाऱ्या सुनेचं काय व्हायचं ते आजीनं सांगितलं नाही, पण चेहऱ्यावरून कळलं :-)

तर आजीच्या देखरेखीखाली दुसरा प्रयत्न केला. जाळीवर आधी मूठभर राख पसरली. त्यावर नारळाच्या शेंड्या, मग करवंट्या, मग आजोबांच्या मोडक्या खुर्चीच्या ढलप्या. पेटलं की लगेच! पाच-सात मिनिटांत नळकांड्यातून ज्वाळा वर यायला लागल्या. ढलप्यांचे निखारे झाल्यावर खालून सळई घालून राख पाडली, जाळी मोकळी केली, खालचं दार पूर्ण उघडलं आणि मग वरून कोळसा टाकला. पंधरा मिनिटांत तो लालबुंद. पहिली अंघोळ साडेपाचला, शेवटची साडेसातला.

यामागचं शास्त्र असं. वाळलेल्या लाकडाच्या वजनातला सुमारे पाऊण भाग तापल्यावर वायू होऊन बाहेर पडतो. जळतो तो मुख्यतः हा वायू, म्हणून ज्वाळा दिसते, आणि हवा हवी असते ती लाकडाच्या वर, ज्वाळेच्या जागी. खालून जोराचा वारा दिला तर लाकूड भराभर खाक होतं. त्याला राखेची गादी बरी. कोळशातला वायू आधीच निघून गेलेला असतो. उरलेला कार्बन पृष्ठभागावर जळतो, त्याला हवा जाळीतून, खालून लागते. म्हणूनच आपल्याकडे लाकडाच्या चुलीला जाळी नसते आणि कोळशाच्या शेगडीला असतेच असते. बंब हा दोन्ही चालणारा प्राणी, पण मोड बदलायचा तर राख ठेवायची की पाडायची हे चालवणाऱ्याला कळायला हवं. सगळा कंट्रोल त्या एका सळईत!

(एक सूचना कंसात पण महत्त्वाची. निखाऱ्यातून धूर येत नाही, कार्बन मोनॉक्साइड येतो, आणि त्याला वास नसतो. बंब किंवा शेगडी बंद खोलीत, बंद बाथरूममध्ये कधीही नको. जुन्या घरात बंब मागच्या पडवीत असायचा तो उगाच नाही.)

अंघोळी झाल्यावर फराळाच्या ताटावर आजीला बोलतं केलं. १९६६ साली ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा मागे चूल होती, स्वयंपाकघरात कोळशाची शेगडी, आणि एक भुशाची शेगडी. ही शेवटची मला फार आवडली. पत्र्याच्या डब्याला खाली बाजूला भोक पाडायचं, मधोमध बाटली उभी धरून भोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा, मग बाटली अलगद फिरवत काढून घ्यायची. मध्ये आयती चिमणी तयार. खालून पेटवली की ती दोन-तीन तास एकसारखी जळत राहते, कोणी बघायला नको. भुसा मिळायचा लाकडाच्या वखारीत, जवळजवळ फुकट.

भिवंडीला वखारी असणं साहजिकच होतं. वर वाडा, शहापूरचं जंगल, खाली कामवारीची खाडी. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि आरमाराची सुरुवात याच पट्ट्यात झाली, त्यातही जवळ इमारती लाकूड असणं हे एक कारण होतंच. पुढे मुंबई वाढली तसं जळणाचं लाकूड आणि कोळसा ठाण्याच्या जंगलातून खाली उतरत राहिला. गावात आज लूम आहेत, गोडाऊन आहेत, पण सायझिंगवाल्यांना सुताला खळ लावून वाळवायला वाफ लागते, आणि त्या बॉयलरांसाठी लाकूड आणि दगडी कोळशाचे ट्रक येताना दिसतात. म्हणजे मल्टिफ्युएल प्रकरण घरातून गेलं, गावातून नाही.

मी आजीला विचारलं, एवढं सगळं होतं तर स्वयंपाकघरात शेगडीच का? चूल का नाही?

"धूर नाही ना शेगडीला," ती म्हणाली. "भिंती काळ्या होत नाहीत, डोळे चुरचुरत नाहीत. कोळसा महाग, पण स्वच्छ."

स्वच्छ! हा शब्द माझ्या डोक्यात अडकला. लाकडात पाऊण भाग वायू असतो आणि कोळशात तो नसतो, तर मग तो गेला कुठे? थर्मोडायनॅमिक्समध्ये काही नाहीसं होत नाही. त्या रात्री बसून हिशेब केला.

मातीच्या भट्टीत साधारण सहा किलो लाकडातून एक किलो कोळसा मिळतो. लाकडाची उष्णता किलोला ढोबळमानानं ३५०० किलोकॅलरी, कोळशाची ७०००. म्हणजे भट्टीत २१००० घातले आणि ७००० हातात आले. दोन तृतीयांश उष्णता रानातच धूर होऊन उडाली. आता साधी चूल दहा-पंधरा टक्के कार्यक्षम, शेगडी वीस-पंचवीस टक्के. वरवर शेगडी दुप्पट चांगली दिसते. पण हिशेब झाडापासून धरला तर त्याच सहा किलो लाकडातून चुलीवर २५०० किलोकॅलरी पातेल्याला मिळाल्या असत्या, भट्टी-शेगडीच्या वाटेनं पंधराशे-सोळाशे. शेगडीनं धूर कमी केलाच नव्हता, तो फक्त दुसऱ्या लोकेशनला पाठवला होता. आमच्या धंद्यात याला आउटसोर्सिंग म्हणतात.

आणि त्या लोकेशनला कोण होतं? ठाणे-कुलाबा पट्ट्यात बहुतेक वेळा कातकरी. नावच मुळी काथावरून पडलेलं. खैराच्या लाकडापासून काथ काढणं हा त्यांचा धंदा. मुंबई इलाख्यात १८४७ पासून जंगलांवर कॉन्झर्व्हेटर आला, आणि १८७८ च्या जंगल कायद्यानं राखीव जंगलं आखून टाकली. खैर तोडणं गुन्हा झाला, काथ बसला. शेतकऱ्यांचंही बिनसलं, कारण भाताच्या रोपांसाठी राब भाजायला लागणारी फांदी तोडायला आता परवानगी हवी होती. ओरड इतकी झाली की ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या गाऱ्हाण्यांसाठी सरकारला कमिशन नेमावं लागलं, १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. राबाबद्दल बोलणारे, अर्ज करणारे लोक होते. काथाबद्दल अर्ज कोण करणार? काथ गेलेला कातकरी ठेकेदाराच्या कोळशाच्या भट्टीवर लागला.

भट्टीचं काम असं असतं. लाकडं तोडून रचायची, वर गवत-पाला, त्यावर मातीचा थर, आणि आतून पेटवून कित्येक दिवस धुमसत ठेवायची. गंमत म्हणजे यातलं कौशल्य बंबाच्या बरोब्बर उलटं आहे. तिथे वारा द्यायचा, इथे वारा लागू द्यायचा नाही. मातीला कुठे भेग पडून ज्वाळा आली की सगळ्या मालाची राख होते, म्हणून रात्री-अपरात्री उठून भेगा लिंपायच्या, धगधगत्या ढिगाऱ्यावर चढून. नवरा-बायको जोडीनं, पोरं बाजूच्या खोपटात. शाळेचा प्रश्नच नाही, कारण दसरा-दिवाळी झाली की कुटुंब घर सोडतं ते पावसाच्या तोंडावर परत येतं.

पैसे कसे? पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा ठेकेदार उचल देतो. हंगामभर ती फेडायची. हंगामाच्या शेवटी हिशेब ठेकेदाराच्या वहीत, आणि वहीत बहुतेक वेळा काही ना काही बाकी निघतेच. ती बाकी पुढच्या वर्षीची उचल. कोड वाचणाऱ्यांना सांगायला नको, हा एक्झिट कंडिशन नसलेला लूप आहे. वेठबिगारीविरुद्ध १९७६ मध्ये कायदा झाला. ठाणे जिल्ह्यात वेठबिगारांना सोडवण्यासाठी विवेक पंडितांची श्रमजीवी संघटना १९८२ मध्ये उभी राहिली, म्हणजे कायद्यानंतर सहा वर्षांनीही काम शिल्लक होतंच. भट्ट्या पुढेही चालू राहिल्या. फक्त कातकरी लांब जायला लागले, घाटावर, कर्नाटकापर्यंत.

दुसऱ्या दिवशी हे सगळं आजीला सांगितलं. लॅपटॉपवरचा हिशेबही दाखवला (तिला त्यात शून्य रस होता). ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "कोळसेवाली यायची आपल्याकडे. डोक्यावर पोतं, बरोबर एखादं पोर. मी काय करायचे, माहितीये? पोत्यात हात घालून बघायचे, कोळसा ओला तर नाही ना. वजन वाढवायला पाणी मारतात म्हणून."

"मारायची का?"

"एखादेवेळी निघायचा ओला. मग मी दोन आणे कमी द्यायचे." थोडं थांबून म्हणाली, "नाव नाही कधी विचारलं."

पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे, म्हणून पळवतो. वातीचे आणि पंपाचे रॉकेलचे स्टोव्ह आले. मुंबईत १९५५ मध्ये बर्मा-शेलचा 'बर्शेन' गॅस सुरू झाला, पण मुंबईत गॅस येणं आणि भिवंडीत येणं यात बरीच वर्षं गेली, नंबर लावून लोक वाट बघायचे. आमच्याकडे सिलिंडर आला तेव्हा आजीनं शेगडी भंगारात दिली आणि बंब ठेवला, तांब्याचा म्हणून. पुण्याच्या 'आरती' संस्थेनं उसाच्या पाचटापासून कोळसा करायची पद्धत काढली, तिला २००२ मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. त्याच कोळशाच्या शंभर ग्रॅमवर त्यांच्या सराई कुकरमध्ये एका कुटुंबाचा वरणभात-भाजी शिजते. शेतात पेटवून द्यायचं पाचट घरात येतं आणि झाड तुटत नाही, म्हणून मला ते पटतं. आमच्या गावात मात्र ते कुठल्या दुकानात दिसलं नाही.

राहता राहिली ती बार्बेक्यूची पिशवी. भाऊबीजेला आणखी कोळसा हवा होता म्हणून त्याच दुकानात गेलो. पिशवीवर छान फोटो, 'नॅचरल' वगैरे लिहिलेलं, पॅकिंगवाल्याचा पत्ता. कोळसा कुठे पाडला ते कुठेच नाही. दुकानदाराला विचारलं, "हा येतो कुठून?"

"कच्छचा असेल. गांडा बावळ."

"पाडतं कोण?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी इन्कम टॅक्समधून आलोय. "साहेब, किती किलो देऊ?"

दोन किलो घेतला. ओला आहे का ते बघितलं नाही.

बंब पुन्हा माळ्यावर गेलाय. भंगारवाला मधे डोकावून गेला, तांब्याच्या भावानं चांगले पैसे येतील म्हणाला, पण आजी नाही म्हणाली. तोटी थोडी ठिबकते. वायसर बदलायचा राहिलाय, पुढच्या वीकएंडला बघतो.