नळीत डोकावणारा माणूस

काही वर्षांपूर्वी एका छोट्या संग्रहालयात काचेआड एक लांबलचक बंदूक पाहिली होती. खाली पाटी : '१८५७ ची बंदूक'. बस्स, एवढंच. फोटो काढला आणि पुढे निघालो. त्या पाटीत काय काय राहून गेलं होतं ते बऱ्याच उशिरा कळलं.

बंदुकांच्या म्युझियममधला क्युरेटर म्हटलं की वाटतं, काय मजा आहे राव! दिवसभर बंदुका हाताळायच्या आणि वर पगार घ्यायचा. प्रत्यक्षात हे काम आमच्या टेस्टिंगवाल्यांच्या जवळचं आहे. हातात आलेली बंदूक रिकामी आहे ना, हे आधी स्वतः तपासायचं. देणारा "रिकामीच आहे हो" म्हणाला तरी. मग मापं घ्यायची, शिक्के वाचायचे, नळीत डोकावायचं आणि सगळं लिहून ठेवायचं.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे ब्रिटनची पॅटर्न रूम. लंडनजवळ एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात ती होती. १९८८ मध्ये कारखाना बंद पडला, संग्रह नॉटिंगहॅमला गेला, आणि २००५ मध्ये लीड्सला रॉयल आर्मरीजकडे आला. इथली मूळ कल्पना गाजलेली हत्यारं जमवायची नव्हती. सरकारने बंदूक मंजूर केली की एका नगाला मोहोर लावून तो जपून ठेवायचा आणि बाकीचा माल त्याच्याशी ताडून घ्यायचा. म्हणजे सगळ्यात मोलाची बंदूक कोणती, तर जी लढाईला कधी गेलीच नाही ती!

नमुना असूनही जुन्या बंदुका तंतोतंत सारख्या नसायच्या. नळी एकाची, चापाची यंत्रणा दुसऱ्याची, आणि जुळवणारा कारागीर कानस मारून सगळं बसवणार. एकीचा भाग दुसरीला लागेल याची खात्री नाही. १८५४ मध्ये एक ब्रिटिश समिती अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या कारखान्यात गेली. १८४४ ते १८५३ पर्यंतची दर वर्षाची एक, अशा दहा बंदुका निवडल्या, सुट्ट्या केल्या आणि भाग एकमेकांत मिसळून टाकले. कामगाराने नुसत्या स्क्रू-ड्रायव्हरने दहाही पुन्हा जोडून दाखवल्या! मग तसलीच अमेरिकन यंत्रं एनफिल्डला आली.

त्या यंत्रांवर एनफिल्डला जी रायफल बनू लागली ती 'पॅटर्न १८५३'. आपण तिला शाळेपासून ओळखतो, फक्त नावाने नाही, काडतुसाने. चरबी लावलेलं काडतूस ते हिचंच.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पुढची नसते. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी हिंदी शिपायांसाठी नवा पॅटर्न काढला, १८५८ चा. दिसायला थेट त्रेपन्नची बहीण. पण नळीच्या आतल्या पीळदार खाचा, ज्यांच्यामुळे गोळी फिरत लांबवर आणि नेमकी जाते, त्या खरवडून काढलेल्या! नळी आतून गुळगुळीत. एकाच सैन्यात गोऱ्या सोल्जरच्या हातात रायफल, आणि शेजारच्या शिपायाच्या हातात तशीच दिसणारी, पण नेम आणि पल्ला दोन्ही कमी असलेली बंदूक. पुन्हा उलटलात तर आम्ही वरचढ राहू, हा हिशेब त्यात आहे.

आता त्या पाटीकडे परत या. नळीत न डोकावता कुणी अशा बंदुकीवर '१८५७ ची बंदूक' लिहिलं, तर सन चुकतो एवढंच होत नाही. आपल्या लोकांवरचा अविश्वास लोखंडात मांडलेला असतो, तो पुरावाच पुसला जातो. पॅटर्न रूम सांभाळणाऱ्या हर्बर्ट वुडएंड यांनी तिथल्या ब्रिटिश रायफलींची सूची १९८१ मध्ये पुस्तकरूपाने छापली. कारखाने बंद होतात, संग्रह गावोगाव हलतात. लिहून ठेवलेलं मात्र कामाला येतं. आमच्याकडे डॉक्युमेंटेशनचा कंटाळा करणाऱ्यांनी (त्यात मीही आलो) हे लक्षात ठेवावं.

मी पाहिलेली बंदूक कोणती होती? फोटो मोठा करून पाहिला. तुम्हीही बघा कधी. नळीवर मागच्या बाजूला नेम धरायला शिडीसारखी उभी होणारी पट्टी असेल, तर बहुधा ती खरी रायफल. नुसता छोटा, पक्का बसवलेला ठोकळा असेल, तर बहुधा शिपायाची.

माझ्या फोटोत ठोकळा आहे.